एमआरआयमध्ये मणक्यातली जागा अरुंद झाल्याचं आलंय. वडिलांचं ऑपरेशन करावं का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे आहेत, थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, रिपोर्टमध्ये एल४-एल५ला (कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमध्ये) 'सिव्हिअर कॅनल स्टेनोसिस', म्हणजे नसांची नळी खूप अरुंद झाल्याचं आलंय आणि सर्जन ऑपरेशन करा म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण आमच्या अण्णांचं हेच सगळं जवळून पाहिलंय. माझं म्हणणं एकच: 'सिव्हिअर' शब्दाला घाबरू नका, वडील न बसता किती पावलं चालतात ते आधी मोजा. साठीनंतर काहीही त्रास नसलेल्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही नळी अरुंद दिसते.

अण्णा पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायचे बिनतक्रार, पण उतरताना पाय लाकडासारखे व्हायचे. डायबेटिस आहे म्हणून सगळं खापर शुगरवर फुटलं आणि आठ महिने व्हिटॅमिनची इंजेक्शनं झाली. गंमत म्हणजे सायकलवरून ते मंडईत आरामात जायचे. तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की मात्र भाजीच्या हातगाडीवर दोन्ही कोपरं टेकून ओणवे. गाडीवाल्याला वाटायचं घासाघीस चाललीय. "काका, भाव तोच राहणार!"

शेवटी मणक्याच्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि एमआरआय बघायच्या आधीच निदान सांगितलं. वयानं मणक्यांचे सांधे वाढतात, आतला लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) जाड होतो, मणक्यांमधली गादी फुगते. ताठ उभं राहिलं की नसांची जागा आणखी आवळते, पुढे वाकलं की थोडी मोकळी होते. त्यांनी पावलांची नाडीही दाबून पाहिली, कारण पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात. फक्त तिथे नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं, इथे बसावं किंवा वाकावं लागतं.

आधी फिजिओथेरपी झाली: उताणं झोपून गुडघे छातीशी घेणं, घरातली सायकल. रात्री नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिनची गोळी, त्यानं दिवसभर पेंगायचे. पेनकिलर जपूनच, किडनीमुळे. पाठीतलं स्टेरॉइडचं इंजेक्शन दोन महिने टिकलं, पण चार दिवस शुगर भडकली होती, ते आधीच विचारून ठेवा. सहा महिन्यांत ४०० पावलांवरून ९० वर आले, सोसायटीचं गेट गाठवेना. मग ऑपरेशनचा निर्णय अण्णांनी स्वतःच घेतला.

मागचं हाड आणि जाड लिगामेंट काढून नसा मोकळ्या केल्या, बस. मणके एकमेकांना जखडणारे स्क्रू टाकले नाहीत, कारण पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेत मणका सरकत नव्हता. तुम्हीही सर्जनना हे थेट विचारा: मणका सरकतोय का? नसेल, तर स्क्रू कशासाठी? आणि दुसरं मत घ्याच, कोणी रागावत नाही. रागावलं तर तेही कळलेलं बरं.

पायांचा त्रास गेला. कंबर अजून दुखते, अंगठ्याचा बधिरपणाही गेला नाही. हे ऑपरेशन मुख्यतः पायांसाठी असतं, कंबरेसाठी नाही, हे आम्हाला कुणीतरी आधी ठसवून सांगायला हवं होतं.

एक मात्र लक्षात ठेवा. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिर वाटलं, पाऊल उचलेना झालं, तर पावलं मोजत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.