इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाचा दिवस कसा जातो? डोक्यात नक्की काय चालू असतं?

तुमचा प्रश्न वाचला तेव्हा मी लॅबच्या मागच्या नळावर हातावरचं सिमेंट घासत होतो. म्हणून पहिल्यांदा हातच सांगतो. सध्या माझ्या तळहाताची सालं निघतायत. आईला वाटतं मेसच्या जेवणात काहीतरी कमी आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण खाली आमच्या गाइड सरांचा विषय येणार आहे आणि माझी ओरल अजून व्हायची आहे.

दिवस म्हणाल तर फार काही नाही. आम्ही चौघं एका रूमवर राहतो, खाली घरमालक काकू. सकाळी त्यांनी मोटर चालू केली की उठायचं. कॉलेजला जायचं ते ७५ टक्के हजेरीसाठी. टाइमटेबलमध्ये रोज दुपारी ‘प्रोजेक्ट’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ गेली कित्येक वर्षं कॅन्टीन असाच आहे. संध्याकाळी कुणी ॲप्टिट्यूड सोडवतो, कुणी एमपीएससीची पुस्तकं उघडतो, कुणी जावा शिकतो. सिव्हिलच्या मुलानं जावा का शिकायचं असं विचारू नका. आयटी कंपन्या सगळ्या ब्रँचची मुलं घेतात. आमच्या ब्रँचसाठी म्हणून येणाऱ्या कंपन्या मात्र एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात आणि दोन बोटं उरावीत अशी परिस्थिती. मागच्या वर्षीचा एक दादा पुण्यात साइटवर १८ हजारांवर लागला. त्यातले सहा रूमभाड्यात जातात म्हणतो.

अभ्यास चार वर्षांत सगळ्यात कमी याच वर्षी होतो, हेही सांगून टाकतो. पण माझ्यापुरतं म्हणाल तर इंजिनिअरिंग म्हणावं असं काही केलं असेल तर तेही याच वर्षी. त्याआधी केल्या त्या फायली. एकानं लिहायच्या, बाकीच्या साठांनी उतरवायच्या, सबमिशनच्या आदल्या रात्री सह्यांसाठी केबिनबाहेर रांग लावायची. यंदा पहिल्यांदा असं काहीतरी हातात आलं जे कुणाकडून उतरवता येत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

आमचा प्रोजेक्ट आहे उसाच्या बगॅसची राख सिमेंटच्या जागी वापरून काँक्रीट करायचा. साखर कारखान्यात ऊस गाळून उरलेला चोथा बॉयलरमध्ये जाळतात, त्याची ही राख. हिच्यात सिलिका भरपूर असते. सिमेंट पाण्यात मिसळल्यावर जी रासायनिक क्रिया होते तिच्यात थोडा चुना मोकळा सुटतो, तो एरवी ताकदीला फारसा कामाचा नसतो. राखेतली सिलिका त्या चुन्याला धरते आणि त्याचाही चिकटा बनवते. म्हणजे १०० किलो सिमेंटमधलं दहा किलो काढून तिथं राख घातली तरी ताकद टिकायला हवी. फक्त ही क्रिया सावकाश होते. सातव्या दिवशी राखेचं काँक्रीट मागं पडतं आणि पुढं हळूहळू गाठत येतं. विषय नवीन अजिबात नाही. आमच्याच डिपार्टमेंटच्या कपाटात याच विषयाचे तीन जुने रिपोर्ट आहेत. पण आमच्या भागात राख फुकट मिळते आणि फुकट हा शब्द आमच्या ग्रुपला आवडतो.

डिसेंबरात गाळप जोरात चालू असताना कारखान्यावर गेलो. गेटवर कॉलेजचं पत्र दाखवलं, तीन पोती राख भरली आणि दोन बाइकवर घालून निघालो. राख ओली होती. पोत्यांतून काळं पाणी गळत होतं, आमचे चेहरे कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे झाले होते. वाटेत कृष्णेच्या पुलाअलीकडं चहाला थांबलो. चहावाल्या काकांनी आमच्याकडं बघितलं, पोत्यांकडं बघितलं, नदीकडं बघितलं.

“काय हाय रं पोत्यात?”

“राख आहे काका.”

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. “कुणाची?”

मी काही बोलायच्या आत मागून आमच्यातला ऋत्या म्हणाला, “कारखान्याची.” तेव्हा कुठं टोपी परत डोक्यावर गेली. चहाचे पैसे मात्र घेतले.

ती राख वाळवायला काकूंच्या गच्चीवर पसरली. तिसऱ्या दिवशी वारं सुटलं. त्यानंतर काय झालं ते लिहीत नाही. काकू चांगल्या आहेत, त्यांच्या शेजारणीचे पापड जास्त महत्त्वाचे होते.

जानेवारीत कास्टिंगला, म्हणजे साच्यात काँक्रीटचे ठोकळे भरायला लागलो. एम-२५ चं मिक्स. यातला २५ म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकद. पण डिझाइन करताना नेम थोडा वर धरावा लागतो, आमचा ३१.६ आला. १५ सेंटिमीटरचा एक क्यूब, वजन आठ किलोच्या आसपास. लॅबमध्ये साचे बारा. सहा क्यूब साधे, सहा दहा टक्के राखेचे. प्रत्येकातले तीन सातव्या दिवशी फोडायचे, तीन २८ व्या. सगळं मिक्सिंग घमेल्यानं आणि थापीनं, कारण लॅबचा मिक्सर मी पहिल्या वर्षाला असल्यापासून ‘दुरुस्तीला’ आहे.

साधा माल व्यवस्थित झाला. राखेचा माल मात्र होईचना. पाणी मोजून घातलं तरी कोरडा, खडी वेगळी आणि बाकीचं वेगळं. स्लम्प कोन, म्हणजे ओला माल किती खाली बसतो ते बघायचा साचा, उचलला तर माल जागचा हलेना. शंभरच्या जवळ यायला हवा तो स्लम्प २० मिलिमीटरवर अडला. साडेचार वाजले होते. लॅब पाचला बंद होते. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि ऋत्यानं पाण्याचा मग उचलला. दीड लिटर पाणी गेलं असेल. माल असा लोण्यासारखा झाला की काय सांगू. साचे पटापट भरले, वरून थापी फिरवून गुळगुळीत केले, फोटो काढले, ग्रुपवर टाकले.

लॅबमध्ये एक मामा आहेत. हुद्दा विचाराल तर असिस्टंट, पण पंचवीस वर्षं तिथंच आहेत आणि मशीन त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. ते कोपऱ्यात स्टुलावर बसून सगळं बघत होते. काही बोलले नाहीत.

सातव्या दिवशी क्यूब दाबून फोडायच्या मशीनला लावले. आमच्या मशीनच्या डायलवर दोन काटे आहेत, काळा आणि तांबडा. लोड वाढेल तसे दोघं बरोबर चढतात. क्यूब फुटला की काळा मागं येतो आणि तांबडा तिथंच थांबतो. तोच वाचायचा. साधे क्यूब सरासरी २१ ला फुटले, सातव्या दिवसाला ठीक आहे. फुटताना चारही बाजू सारख्या सुटल्या आणि मधे डमरू उरला. पुस्तकात असाच काढलेला असतो, त्यामुळे आम्हाला उगाच अभिमान वाटला. मग राखेचे लावले. तांबडा काटा २९० किलोन्यूटनच्या आसपास थांबला. भागिले २२५००. तेरा.

मामा स्टुलावरूनच म्हणाले, “पाणी घातलंतासा न्हवं?”

“मामा, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तवा सांगितलं असतं तर ऐकलं असतं काय?”

यावर काही बोलता आलं नाही. मग त्यांनीच समजावलं. ही राख तहानलेली असते. हिच्यात नीट न जळलेला कोळसा उरलेला असतो, तो पाणी पिऊन टाकतो. आधी ती बारीक चाळणीतून काढायची आणि माल कोरडा पडला तर पाणी न घालता प्लास्टिसायझर, म्हणजे माल मऊ करणारं रसायन घालायचं. हे सगळं आम्ही तिसऱ्या वर्षाला काँक्रीटच्या पेपरात लिहिलेलं होतं. मला त्या पेपरात ६१ मार्क आहेत.

आता खरी गोष्ट. त्या रात्री रूमवर भांडण झालं. दोन दिवसांवर प्रोजेक्टचा रिव्ह्यू. कपाटातल्या तिन्ही जुन्या रिपोर्टांत आलेख सुंदर होते, दहा टक्क्यांपर्यंत चढणारे आणि पुढं अलगद उतरणारे. एक जण म्हणाला, १३ च्या जागी १९ लिहू, कोण बघतंय? त्याचं अगदीच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. खरंच कुणी बघत नाही. तिन्ही रिपोर्टांतले आकडे एकमेकांशी इतके जुळतात की मला आता त्या राखेपेक्षा त्या दादांचंच कौतुक वाटतं. मी १३ च लिहायचं म्हणालो. मी फार प्रामाणिक आहे अशातला भाग नाही, सर्व्हेच्या जर्नलमधली माझी अर्धी रीडिंग्ज दुसऱ्याची आहेत. पण ओरलला एक्स्टर्नलनं, म्हणजे बाहेरच्या परीक्षकानं विचारलं की १९ कसं आलं, तर मला सांगता येणार नाही. तेरा कसं आलं ते मला झोपेतून उठवून विचारा.

रिव्ह्यूत गाइड सरांनी आकडा बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, “पुन्हा करा.” एवढंच. तासभर बोलायची तयारी करून गेलो होतो. दुसऱ्या ग्रुपला त्यांनी रंगीत स्लाइडबद्दल शाबासकी दिली, ते अजून डोक्यात आहे.

पुन्हा म्हणजे पाच, दहा आणि पंधरा टक्के मिळून १८ क्यूब, आणि साचे तेवढेच बारा, त्यातही तिसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल्स. राख ९० मायक्रॉनच्या चाळणीतून काढली. दोन दिवस फक्त चाळत होतो. यावेळी मामा स्टुलावरून उठून जवळ उभे राहिले. दहा टक्क्यांचे क्यूब सातव्या दिवशी १९ ला फुटले. होय, तोच आकडा. रूमवर याची भरपूर थट्टा झाली. “तुला आधीच सांगितलं होतं लिही म्हणून, महिना वाचला असता.”

डोक्यात काय चालू असतं, हा तुमचा दुसरा प्रश्न. डोक्यात एकच वाक्य चालू असतं आणि तेही आपलं नसतं: “मग, पुढं काय?” मेसवाल्या मावशी विचारतात, दाढी करणारा विचारतो, लग्नात पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस विचारतो. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो. नातेवाइकांना एमपीएससी, सरांना गेट, मित्रांना “बघू”. फेब्रुवारीत गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा दिली. तीन तासांत ६५ प्रश्न, त्यातले किती खरंच येत होते ते माझं मला माहीत आहे.

एका आयटी कंपनीच्या मुलाखतीत विचारलं, सिव्हिल का घेतलं? याचं उत्तर मी पाठ केलेलं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५. मी तेव्हा शाळेत होतो. माझ्या सख्ख्या मामाच्या घराच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ उरली, ती अजून आहे, आजीनं रंग देऊ दिला नाही. ते बघून मला सिव्हिल इंजिनिअर व्हावंसं वाटलं. सर, मॅडम, दोघंही माना हलवत होते. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, शेवटचं सोडून. सिव्हिल मला कॅप राउंडनं, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी फेरीनं दिलं. कॉम्प्युटरला सीईटीचे पर्सेंटाइल पुरले नाहीत, मेकॅनिकल बाबांना नको होतं. हे मुलाखतीत सांगायची सोय नसते. त्यांनी नंतर विचारलं की मग आयटीत का येताय? ते उत्तर पाठ केलं नव्हतं.

गावाकडं मात्र मी कधीचाच इंजिनिअर आहे. घरी गेलो की कुणाच्या तरी भिंतीची भेग बघायला जावं लागतं. परवा चुलत्यांनी नव्या घराचा नकाशा पुढं टाकला, दार दक्षिणेला येतंय ते पूर्वेला घे म्हणाले. पूर्वेला भाऊबंदांची भिंत आहे. मी बीमचं डिझाइन शिकलोय, भाऊबंदकीचं नाही. बाबा फारसं काही विचारत नाहीत. आमचा ऊस त्याच कारखान्याला जातो. प्रोजेक्ट समजावून सांगितला तेव्हा शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे ऊस आपुन घालायचा, बिलाची वाट आपुन बघायची, आन् आता राखबी आपुनच उचलायची.” मी याला उत्तर शोधतोय. रिपोर्टच्या प्रस्तावनेत घालता येईल का बघतो.

दहा टक्क्यांच्या उरलेल्या तीन क्यूबचा उद्या २८ वा दिवस. टाकीतून काढून पुसायचे, मोजायचे, मशीनला लावायचे. दहाला तिसऱ्या वर्षाची बॅच मशीनवर येते, त्याआधी उरकायला हवं. मामा साडेआठला कुलूप उघडतो म्हणालेत. तासाभरापूर्वी ग्रुपवर टाकलं, “उद्या साडेआठला कोण येणार?”

तिघांनीही वाचलंय. निळ्या खुणा दिसतायत. म्हणजे मीच जाणार.