पेठेतल्या रस्त्यांचा स्पेस सिंटॅक्स नकाशा आला, पण त्यातून सिद्ध काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध पुण्याच्या जुन्या पेठांवर आहे. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्ते उतरवले, डेप्थमॅपएक्स या स्पेस सिंटॅक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवले, लाल-पिवळा-निळा नकाशा मिळाला (लाल म्हणजे सर्वांत मोठा आकडा, निळा म्हणजे सर्वांत लहान). मार्गदर्शकांनी विचारलं, "यातून सिद्ध काय झालं?" आता पुढे काय करायचं?

मार्गदर्शकांचं विचारणं रास्त आहे. तो नकाशा म्हणजे निष्कर्ष नाही, भाकीत आहे. स्पेस सिंटॅक्स करतं ते एवढंच: रस्ते एकमेकांना कसे जोडलेत एवढ्याच माहितीवरून माणसं कुठे जास्त असतील, याचं भाकीत. ते खरं की खोटं हे रस्त्यावर उभं राहून मोजल्याशिवाय कळत नाही. आणि माझं स्पष्ट मत असं की, भाकीत जिथे चुकतं ते रस्तेच तुमच्या प्रबंधाचा खरा मजकूर आहेत.

सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी एक गणित कागदावर कराच, कारण तेच समजलेलं नसेल तर तोंडी परीक्षेत अडखळायला होतं. स्पेस सिंटॅक्स ही पद्धत बिल हिलियर, ज्युलियन हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, बार्टलेटमध्ये, १९७० च्या दशकापासून विकसित केली. तिचा गाभा शाळेतल्या बेरीज-भागाकाराचा आहे. एक साधा वाडा घ्या: रस्ता, देवडी, चौक, ओसरी, माजघर, आणि माजघरातून स्वयंपाकघर व देवघर. एकूण ७ जागा. रस्त्यावरून प्रत्येक जागी पोचायला किती टप्पे लागतात ते मोजा: देवडी १, चौक २, ओसरी ३, माजघर ४, स्वयंपाकघर आणि देवघर प्रत्येकी ५. बेरीज २०. हीच बेरीज ओसरीपासून केली तर ११ येते, चौकापासून १२ आणि माजघरापासूनही १२. म्हणजे या घरात सगळ्यांना सर्वांत जवळची जागा ओसरी.

आता स्वयंपाकघराला मागच्या बोळात उघडणारं एक दार द्या आणि तो बोळ रस्त्याचाच भाग धरा. रस्त्यापासूनची बेरीज २० वरून १२ वर येते. माजघराची १२ वरून १० होते. ओसरी मात्र ११ वरच राहते. एका दारानं घराचं केंद्र ओसरीतून माजघरात सरकलं, आणि एकही भिंत हलली नाही. बेरजेला ६ नं, म्हणजे उरलेल्या जागांच्या संख्येनं, भागलं की सरासरी डेप्थ, म्हणजे सरासरी टप्पे मिळतात. त्यातून १ वजा करा, २ नं गुणा, आणि एकूण जागांमधून २ वजा करून येणाऱ्या आकड्यानं, म्हणजे इथे ५ नं, भागा. ही झाली रिलेटिव्ह असिमेट्री: आकडा जितका लहान, तितकी ती जागा बाकीच्यांना जवळची. परसदाराआधी रस्त्याची ०.९३ होती, नंतर ०.४० झाली. लहान-मोठे वाडे एकमेकांशी ताडायचे असतील तर हा आकडा जागांच्या संख्येनुसार ठरणाऱ्या डी-मूल्यानं आणखी एकदा भागतात. त्याचा व्यस्त म्हणजे इंटिग्रेशन. रस्त्यांच्या नकाशातही हेच चालतं, फक्त खोल्यांऐवजी रस्त्यांचे तुकडे आणि टप्प्यांऐवजी वळणं. काटकोनी वळण म्हणजे १, सरळ पुढे ०, मधली वळणं कोनाच्या प्रमाणात. त्यामुळे किंचित वाकणारा रस्ता यंत्राच्या लेखी जवळपास सरळच राहतो, आणि पेठांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. तिथले बरेच रस्ते पट्टीनं आखलेले नाहीत.

आता नकाशा. माझ्या मते निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात. सर्वांत आधी एक तपासणी करा: ४०० मीटर त्रिज्येचा निकाल, म्हणजे प्रत्येक तुकड्यापासून ४०० मीटरपर्यंतचेच रस्ते धरून आलेला, आणि त्रिज्या-एन, म्हणजे अमर्याद त्रिज्येचा निकाल, शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही हुबेहूब सारखे दिसत असतील तर तुमचा नकाशा अजून अक्षांश-रेखांशात आहे, आणि सॉफ्टवेअरनं ४०० मीटर न समजता ४०० अंश समजले आहेत. त्यात सगळं पुणे येतं, म्हणून फरक दिसत नाही. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये थर मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम झोन ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये साठवून घ्या, मग डेप्थमॅपएक्ससाठी त्याची डीएक्सएफ फाइल करा.

त्यानंतर जोडण्या. ओपनस्ट्रीटमॅपच्या मध्यरेषा वापरत असाल तर रेषांची टोकं चौकात तंतोतंत जुळली पाहिजेत. टी-आकाराच्या तिठ्यावर मोठी रेषा तोडलेली नसेल तर गल्ली नुसती टेकलेली दिसते, जोडलेली नसते. जोडण्यांची संख्या रंगात दाखवून शून्य किंवा एक जोडणी असलेले तुकडे शोधा. खरे बंद बोळ सोडून बाकीचे दुरुस्त करा. स्वतः हातानं अक्षरेषा, म्हणजे रस्त्यात नजर जाईल तिथवरच्या लांबलचक सरळ रेषा, काढल्या असतील तर उलट काळजी घ्यायची. तिथे रेषा एकमेकींवरून गेली की जोडली जाते, म्हणून नदीपात्रातला रस्ता आणि वरून जाणारा झेड ब्रिज यांच्या छेदावर अनलिंक, म्हणजे "इथे जोड नाही" अशी खूण, द्यावं लागतं. नाहीतर माणसं पुलावरून थेट पात्रात उतरतात. अक्षरेषांचं तुकड्यांत रूपांतर करताना टोकाशी उरलेली लहान शेपटं काढायचा पर्याय येतो. मी लांबीच्या २५ टक्के ठेवतो आणि प्रबंधात तो आकडा लिहितो, कारण तो बदलला की निकाल थोडा बदलतो.

दुभाजकाच्या रस्त्याला नकाशात दोन रेषा असतात. तिथे वाहतूक दोन वाटांत विभागली जाते आणि मुख्य रस्ता उगाच फिका दिसतो. दोन्ही मिळून एक रेषा करा. कडेचे फूटपाथ वेगळे काढलेले असतील तर तेही काढून टाका.

पायी चालणाऱ्यांचा अभ्यास असेल तर बोळ नकाशात भरणं टाळता येणार नाही. तुळशीबागेतून आरपार जाणाऱ्या वाटा, मंडईभोवतीच्या पायवाटा, दोन रस्ते जोडणारे वाड्यांमधले बोळ हे सगळं स्वतः चालून, छापील नकाशावर पेन्सिलीनं काढून मग भरावं लागतं. खालून रस्ता असलेला वाडा पाडून नवी इमारत झाली की तो बोळ बहुधा बंद होतो किंवा त्याला फाटक लागतं. त्यामुळे प्रत्येक बोळाला "दिवसा उघडा", "रात्री बंद", "फक्त रहिवाशांसाठी" अशी नोंद जोडा. पुढे याचा उपयोग होईल.

नकाशा कुठे कापायचा? पेठांच्या हद्दीवर नक्कीच नाही. कडेचा रस्ता अर्धवट शेजाऱ्यांनिशी मोजला जातो आणि विनाकारण एकाकी ठरतो. अभ्यासक्षेत्राच्या बाहेर निदान तुमच्या सर्वांत मोठ्या त्रिज्येइतकं अंतर घ्या. पश्चिमेला आणि उत्तरेला मुठा आहे म्हणून नदीवर थांबलं तर चालेल, असं वाटतं. पण लकडी पूल, नवा पूल, भिडे पूल यांच्यामुळे डेक्कन आणि शिवाजीनगर पेठांना जोडलेले आहेत. ते वगळले तर लक्ष्मी रोडच्या पश्चिम टोकाचं इंटिग्रेशन खोटं येईल.

त्रिज्या ठरवताना आधी प्रश्न ठरवा. ४०० मीटर म्हणजे पाचेक मिनिटांचं चालणं: कोपऱ्यावरचं दूध, शाळा, देऊळ. ८०० ते १२०० मीटर म्हणजे खरेदीला बाहेर पडलेला माणूस. ५००० मीटर आणि पुढे दुचाकी, रिक्षा, बस. तिन्ही चालवा. सगळ्या त्रिज्यांवर लाल राहणारे रस्ते थोडे असतात आणि साधारणपणे जुने बाजार तिथे असतात. एखादा रस्ता ५००० ला लाल आणि ४०० ला निळा असेल, तर तो पेठेतून जाणारा आहे, पेठेचा नाही.

इंटिग्रेशन आणि चॉइस यांची गल्लत करू नका. इंटिग्रेशन सांगतं की एखादी जागा गाठायला किती सोपी. चॉइस सांगतं की दुसरीकडे जाणाऱ्या किती वाटा तिच्यातून जातात. चॉइसचे आकडे प्रचंड विषम असतात, दोन-चार रस्ते लाखांत आणि बाकी सगळे शेकड्यांत, म्हणून नकाशा सगळा निळा दिसतो. हिलियर, यांग आणि टर्नर यांनी २०१२ मध्ये यावर उपाय सुचवला: चॉइसमध्ये १ मिळवून त्याचा लॉग घ्या, आणि त्याला एकूण डेप्थमध्ये ३ मिळवून घेतलेल्या लॉगनं भागा. क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये एका ओळीचं काम आहे. आणि दोन स्थिती ताडताना रंगांची पट्टी गोठवा. सॉफ्टवेअर दर वेळी कमाल-किमान नव्यानं घेतं, त्यामुळे आकडे वाढूनही चित्र तसंच दिसतं.

आता मोजणी. निदान २५ ते ३० ठिकाणं निवडा, आणि ती निकालाच्या पट्ट्यांतून समान घ्या: काही लाल, काही पिवळी, आणि निळी तर हवीतच. फक्त लक्ष्मी रोड, शिवाजी रोड, बाजीराव रोड इथे उभं राहिलात तर सगळीकडे गर्दीच दिसेल आणि तुलना उरणार नाही. प्रत्येक ठिकाणी रस्त्याला आडवी एक काल्पनिक रेषा धरा, ५ मिनिटं ती ओलांडणाऱ्यांना मोजा, १२ नं गुणून ताशी आकडा काढा. पुरुष, बायका, मुलं वेगळी मोजा, दुचाकी वेगळ्या. रिकाम्या बोळात ५ मिनिटांत तीन माणसं येतात, तिथे एकाच्या फरकानं ताशी आकडा १२ नं हलतो, म्हणून कमी वर्दळीच्या ठिकाणी १० मिनिटं थांबा. दिवसातून किमान चार वेळा: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. एक कामाचा दिवस, एक रविवार. गणेशोत्सव, दिवाळीआधीचा आठवडा आणि बाजार बंद असतो तो वार टाळा. मोजणाऱ्यांनी ठिकाणं अदलाबदल करावीत, म्हणजे एकाची सवय एका रस्त्याला चिकटत नाही.

आकडे आले की ताशी माणसांचा लॉग उभ्या अक्षावर, इंटिग्रेशन किंवा वरच्या सूत्रानं नॉर्मलाइज केलेलं चॉइस आडव्या अक्षावर. आर-वर्ग, म्हणजे दोन्हींचा संबंध किती घट्ट ते सांगणारा आकडा, लिहिण्याआधी ठिपके डोळ्यांनी बघा. लक्ष्मी रोडचा एकटा ठिपका वर उजवीकडे असेल आणि बाकीचे खाली घोळक्यात, तर तो एक ठिपका काढून पुन्हा गणित करा. संबंध कोसळला तर तो संबंध नव्हताच. एकाच रस्त्यावरची लागोपाठची दोन ठिकाणं दोन स्वतंत्र पुरावे धरू नका.

वाहनांचा संबंध पायी माणसांपेक्षा कमकुवत आला तर घाबरू नका. शिवाजी रोड आणि बाजीराव रोड एकदिशा मार्ग आहेत, आणि ही पद्धत प्रत्येक रेषा दोन्ही दिशांनी उघडी मानते. झेड ब्रिजवर चारचाकी जात नाही, हेही तिला ठाऊक नाही. म्हणून पायी आणि वाहनं यांचे आलेख नेहमी वेगळे ठेवा.

मग येते ती यादी: आलेखात ठिपक्यांमधून काढलेल्या रेषेपासून, म्हणजे भाकितापासून, सर्वांत लांब पडलेली पाच-सात ठिकाणं. भाकितापेक्षा खूप जास्त माणसं असलेली ठिकाणं बघा. तिथे बहुधा ओढ निर्माण करणारं काही असतं: मंडई, शाळा सुटण्याची वेळ, एखादं मोठं देऊळ, किंवा मंडईचं भुयारी मेट्रो स्थानक. ते २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झालं, त्यामुळे त्याआधीच्या कुणाच्या मोजण्या वापरत असाल तर त्या आजच्या नकाशाशी जुळवू नका. भाकितापेक्षा कमी माणसं असलेली ठिकाणं मला जास्त बोलकी वाटतात. तिथे जाऊन बघा: दुचाक्यांनी अडवलेला पदपथ, बंद फाटक, लांबलचक कोरी भिंत, अंधार, किंवा बायका मुद्दाम टाळतात असा बोळ. बायकांचे आकडे वेगळे घेतले असतील तर ही शेवटची गोष्ट सरळ आलेखातच दिसते.

बदलाची चाचणी घ्यायची असेल तर पुण्यात ती आयती मिळते. खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुरू झाला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि बंद होतो. नकाशातून ती एक रेषा काढून पुन्हा चालवा, केळकर रोड आणि लकडी पुलाकडच्या तुकड्यांचं चॉइस किती बदलतं ते लिहून ठेवा, आणि पूल बंद असताना तिथेच मोजा. शहरात उघडीप आहे पण विसर्ग चालू आहे असा दिवस निवडा, नाहीतर पावसानं कमी झालेली माणसं तुम्ही पुलाच्या खात्यावर मांडाल.

पद्धतीवरची टीकाही वाचून जा, परीक्षक ती विचारतात. कार्लो रात्ती यांनी २००४ मध्ये दाखवलं की अक्षरेषांचा नकाशा प्रत्यक्ष अंतर, इमारतींची उंची आणि जमिनीचा वापर विचारात घेत नाही, आणि आराखड्यात किंचित बदल झाला तरी निकाल उडी मारू शकतो. कोन मोजणारं तुकड्यांचं विश्लेषण आणि मीटरमधली त्रिज्या यांनी यातली अंतराची आणि उडीची अडचण बरीच कमी केली आहे. उंची आणि वापर मात्र अजूनही बाहेरूनच आणावे लागतात. म्हणून प्रत्येक मोजणीच्या ठिकाणी दोन्ही बाजूंच्या ५० मीटरमधली तळमजल्यावरची दुकानं आणि इमारतींचे मजले लिहून घ्या, आणि इंटिग्रेशनसोबत हे दोन स्तंभ माणसांच्या संख्येचं भाकीत करणाऱ्या समीकरणात घाला. दुकानं घातल्यावर इंटिग्रेशनचा वाटा किती उरतो, तो आकडा परीक्षकांसमोर ठेवा. दुकानं आहेत म्हणून गर्दी, की वाट तिथून जाते म्हणून दुकानं, हा वाद त्या आकड्यावरूनच नीट सुरू होतो.