बसमधलं कळत नाही, पण समितीत आहे!

प्रश्न : आमच्या ग्रामीण बससेवेच्या सल्लागार समितीवर मला स्वयंसेवक म्हणून घेतलंय. मी निवृत्त शिक्षिका. गाड्यांमधलं मला ओ की ठो कळत नाही. तिथे जाऊन मी काय करणार?

उत्तर : बाई, गाडीतलं कळणारे चालक आणि मेकॅनिक असतातच. तुम्ही आधी बसमध्ये बसा! मीही अशा समितीत होतो. पहिले चार महिने नकाशे बघून नुसत्या माना डोलावल्या. मग एकदा वही घेऊन सकाळच्या पहिल्या फेरीला गेलो. दवाखान्याच्या थांब्यावर एक आजी उतरल्या. पायरी इतकी उंच, की त्यांनी आधी काठी खाली टाकली, मग दांडा धरून पाठमोऱ्या उतरल्या. आणि परतीची बस दवाखाना उघडल्यावर वीस मिनिटांत निघायची! ती वेळ बदलायला सात बैठका लागल्या.

समितीला अधिकार किती, हे मात्र लेखी विचारून घ्या. सहसा समिती सुचवते, ठरवतो तो पैसे देणारा. पण गावकऱ्यांनी फक्त सुचवायचं, असंच काही नाही. नेदरलँड्समध्ये १९७७पासून गावकरी स्वतःच आळीपाळीने छोटी बस चालवतात. प्रवासी जास्तीत जास्त आठ, म्हणून मोटारीचा साधा परवाना पुरतो.

आणि हो, बैठकीची वेळ तपासा. आमची बैठक शेवटची बस गेल्यावर भरायची. साहजिकच, बसने ये-जा करणारा एकही माणूस समितीत नव्हता.