फ्री यूसीच्या लिंकपासून दूर राह्य भाऊ
भाऊ, तू बीजीएमआय हा मोबाइल गेम नवीनच खेळून राहिला म्हणून सांगतो, फ्री यूसीची, म्हणजे गेममधल्या पैशाची, लिंक कोणी पाठवली तर उघडूच नको. पेज अगदी फेसबुकच्या लॉगिनसारखं दिसते पण वरच्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे असते, अन् तिथं पासवर्ड टाकला की गेमची आयडी गेली समज. गेम ज्या गूगल नाहीतर फेसबुक अकाउंटला जोडला आहे ना, त्यालाच आधी टू-स्टेप लाव, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक कोड मागते. ओटीपी कोणालेच नाही द्यायचा, स्क्वाडमधला दोस्त असला तरी. नागपुरात सीताबर्डीवर भेटून आयडी विकतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नको, पैसे घेऊन तो मूळ ईमेलवरून आयडी परत काढून घेऊ शकते. यूपीआयवर पैसे यायला पिन लागतच नाही, म्हणून पैसे पाठवतो म्हणून कोणी पिन टाकायला लावला तर टाकू नको. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव, सकाळची वाट पाहू नको.