वाचकांचे प्रश्न : शिमगा, शहाळे आणि मूत्रपिंड

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने मूत्रपिंडविकाराविषयी वाड्यावाड्यांतून जागृती करण्याचे ठरवले आहे. फलक झाले, पथनाट्य झाले, पण लोक ऐकतात आणि विसरतात. नेमके काय सांगावे?
— एक विद्यार्थिनी, देवगड तालुका

उत्तर : जागतिक मूत्रपिंड दिन २००६ पासून मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी पाळला जातो. कोकणात हे दिवस बहुधा शिमग्याच्या आगेमागे येतात. २०२५ साली तर हा दिवस आणि होळी दोन्ही १३ मार्चलाच आले. चाकरमानी तेव्हा गावी आलेले असतात, त्यामुळे आईवडिलांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, हा प्रश्न मुलांना घरातच विचारता येतो. सभा भरवण्यापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो.

मध्यंतरी एका शाळेच्या पटांगणात असेच एक पथनाट्य मी पाहिले. थर्माकोलचे लालभडक मूत्रपिंड होते, टाळ्याही पडल्या. निघताना एका आजोबांनी विचारले, “पण माझा बिघडला हा की नाय, ह्या माका कसा कळतला?” नाटकात याचे उत्तर नव्हते.

खरे उत्तर असे की, सुरुवातीला ते रुग्णाला कळतच नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात; दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड लिटरच्या आसपास तेवढा लघवीवाटे बाहेर जातो. राखीव क्षमता एवढी मोठी असल्यामुळे निम्मे काम थांबले तरी पुष्कळदा काहीच तक्रार नसते. म्हणून रक्तदाब मोजणे, लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन तपासणे आणि रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून गाळण्याचा वेग काढणे, या तीन गोष्टींचीच माहिती द्यावी. हा वेग तीन महिन्यांहून अधिक काळ मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली राहिला, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन विकार म्हणतात.

लघवी तपासण्याची पट्टी लोकांना प्रत्यक्ष दाखवा. प्रथिनाचा चौकोन मुळात पिवळा असतो, प्रथिन असेल तर मिनिटभरात तो हिरवट होतो, आणि तो हिरवा रंग माणूस सहसा विसरत नाही. मात्र ताप, अतिश्रम किंवा लघवीतील जंतुसंसर्ग यांमुळेही प्रथिन तात्पुरते दिसू शकते. तेव्हा “तुम्हाला आजार आहे” हे वाक्य विद्यार्थ्यांनी उच्चारू नये, आशाताईंच्या मदतीने त्या व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा घरात मूत्रपिंडविकार असलेल्यांकडे आधी जा.

याखेरीज मीठ आणि वेदनाशामक गोळ्या हे दोन विषय घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाचे मीठ ५ ग्रॅमहून कमी असावे, म्हणजे चहाच्या चमच्याभराच्या आत. सुका बांगडा, आंबोशी, लोणचे आणि पापड एकाच ताटात आले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि सैंधव वापरल्याने त्यात फरक पडत नाही, कारण तेही सोडियमच. जाळी ओढून किंवा आंब्याच्या पेट्या उचलून अंग दुखते म्हणून डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या दुकानातून आणून रोज घेण्याची सवयही घातकच. घामाने शरीर सुकलेले असताना तर अधिकच.

“भरपूर पाणी प्या” ही घोषणा मात्र सरसकट देऊ नका. मुतखडा झालेल्याला आणि उन्हात राबणाऱ्याला ती योग्य आहे. सूज आलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला तीच अपायकारक ठरू शकते.

प्रश्न : माझ्या यजमानांचे क्रिएटिनिन वाढले आहे. शेजारी रोज एक शहाळे आणि बिलिंबीचा रस घ्यायला सांगतात. द्यावा का?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : रस मुळीच देऊ नका, आणि शहाळेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंड दुबळे असेल तर ते रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकते. बिलिंबीत ऑक्झलेट हे मूत्रपिंडात स्फटिक होऊन साठणारे द्रव्य फार असते. केरळमध्ये कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून तिचा दाट रस प्यायलेल्या माणसांची मूत्रपिंडे अचानक निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. निरोगी माणसाच्या माशाच्या आमटीत पडणारी दोन फळे आणि पेलाभर रस यांत मोठे अंतर आहे. करंबळ (कमरख, स्टारफ्रूट) मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णाने अजिबात खाऊ नये. त्यातील विषारी द्रव्य शरीराबाहेर न गेल्याने न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येऊ शकतात. देवगडच्या विद्यार्थिनीने हे आपल्या फलकावर अवश्य घ्यावे, कारण बाहेरून छापून येणाऱ्या भित्तिपत्रकांवर बिलिंबी सहसा नसते.

प्रश्न : आमच्या गावात डायलिसिसचे रुग्ण वाढल्यासारखे वाटतात. विहिरीच्या पाण्यामुळे असे होते का, याचे संशोधन आम्ही विद्यार्थी करू शकतो का?
— एक विद्यार्थी, राजापूर

उत्तर : कारण आधी ठरवून संशोधन सुरू करू नका. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याचा उद्दानम भाग, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत आणि मध्य अमेरिकेतील उसाची शेते येथे मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या कष्टकऱ्यांतही हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. पाणी, जड धातू, कीटकनाशके, उन्हातले श्रम असे सारे तपासूनही सर्वांना मान्य होईल असे एकच कारण हाती लागलेले नाही. “विहिरीचे पाणी घातक” अशी पाटी तुम्ही लावलीत, तर गाव घाबरेल आणि मधुमेहाकडे दुर्लक्ष होईल.

नोंदी मात्र तुम्ही ठेवू शकता. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे विंचूदंश आणि प्राझोसिन या औषधाविषयीचे काम महाड परिसरातील रुग्णांच्या नोंदींतून उभे राहिले आणि ‘द लॅन्सेट’मध्ये पोहोचले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसांवरील अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता आणि सहभागी व्यक्तीची संमती लागते. त्यासाठी एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकांना सोबत घ्या. चिरेखाणीत किंवा बागेत उन्हात किती तास काम, मध्ये सावली आणि पाणी किती वेळा, कोणत्या गोळ्या, असे साधे रकाने ठेवा. पावसाळ्यात लावणीनंतर ताप आला होता का आणि तेव्हा लघवी कमी झाली होती का, हाही रकाना ठेवा. लेप्टोस्पायरोसिस हा चिखलपाण्यातून होणारा जंतूंचा ताप आपल्याकडचाच आजार आहे, त्यात मूत्रपिंडाला इजा होते, आणि लघवी कमी झालेल्या तापाच्या रुग्णाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे लागते, हे तो रकाना भरताना घरच्यांना सांगता येईल.