अमेरिकेत टेनेसीतल्या डॉलीवूड या थीम पार्कमध्ये पाच वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा कोणत्या रोलर कोस्टरवर बसवावं?

बिग बेअर माउंटनवर. तुमची मुलगी ४१ इंच आहे, म्हणजे बिग बेअर आणि फायरचेसर एक्सप्रेस दोन्ही चालतील. दोन्हींची किमान उंची ३९ इंच. फायरचेसरचा वेग कमी (ताशी सुमारे ५५ किलोमीटर, बिग बेअरचा ७७) म्हणून तोच बरा, असं तुम्हाला वाटतंय. आम्ही अटलांटाहून मुलांना घेऊन डॉलीवूडच्या गावाला, पिजन फोर्जला जातो, आणि माझं मत नेमकं उलटं आहे.

पहिल्या खेपेला मूल घाबरतं ते वेगापेक्षा पुढे काय होणार हे न कळल्यामुळे. फायरचेसर शेवटी फटाक्यांच्या दुकानात थांबतो, धडामधूम होतं आणि गाडी अचानक उलटी मागे पळते. मोठ्यांना गंमत वाटते, पण पाच वर्षांच्या पोरीला ते आवडेलच असं नाही. शिवाय उंचीही त्याचीच जास्त, ७९ फूट. बिग बेअर ६६.

बिग बेअर २०२३ साली सुरू झाला, नेदरलँड्सच्या वेकोमा कंपनीने बांधलेला. जीपसारख्या गाडीत बसून अस्वल शोधायला निघायचं, गाडीतच स्पीकर. रूळ जवळपास ४,००० फूट, म्हणजे पार्कातला सगळ्यात लांब कोस्टर, पण एकही मोठा कडा नाही की उलटंपालटं होणं नाही. वाटेत तीन ठिकाणी गाडीला जोर मिळतो आणि मग ती वळणं घेत डोंगरउतारावर पळत राहते. पोटात गोळा येतो तो उंचावरून एकदम खाली पडताना. इथे ते फार होत नाही. धबधब्यामागून जाताना तर मुलं ओरडायचं सोडून बघत बसतात.

पहिल्यांदा मधल्या डब्यात बसा. शेवटच्या डब्यात झटके जास्त लागतात, ती जागा तुमच्या यजमानांना द्या!

सासूबाईंना पाठीचा त्रास आहे म्हणता, तर त्यांना बसवू नका. तेवढ्या वेळात त्या ईगल माउंटन सँक्चुअरीतले गरुड बघतील. तिथला प्रसिद्ध दालचिनीचा ब्रेड मात्र राइडनंतर खा. उन्हाळ्यात तिकडे दुपारी विजांचा पाऊस येतो आणि मग कोस्टर बंद ठेवतात, त्यामुळे हे सकाळीच उरकून घ्या. मुलगी हसत उतरली तर दुपारी फायरचेसर. वाइल्ड ईगल या मोठ्या कोस्टरला ५० इंच लागतात, त्याचा हट्ट करायला अजून काही वर्षं आहेत.