वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं : माझं मत घरात सगळ्यांना कसं कळतं?

प्रश्न : ताई, मी शिवाजी पेठेत राहते, वय 34, जन्मापासून दिसत नाही. ब्रेल शाळेतच शिकले, आजही रोज वाचते. 2024 ला लोकसभेला मतदानाला गेले तर केंद्रावरच्या साहेबांनी विचारलं सोबत कोण आहे, दीर होते, मग म्हणाले त्यांनाच आत जाऊ दे, पटकन होईल. मी सांगितलेलं बटण दिरांनी दाबलं, म्हणजे दाबलं असंच मी समजते. घरी येऊन चहा घेताना त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की वहिनींनी अमक्याला दिलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मला एकटीला मत देता येतं का?

उत्तर : येतं, शंभर टक्के येतं, आणि तुमचं पत्र वाचून मला लई वाईट वाटलं कारण मी शाळेत शिकवत असताना निवडणूक ड्युटी केलीय आणि हे असं होताना बघितलंय. साहेबांच्या मनात वाईट काही नसतं, बाहेर रांग असते, पक्षांचे एजंट घाई करत असतात, आणि दिसत नाही म्हटल्यावर सोबती पाहिजेच असं सगळे धरूनच चालतात. पण नियम तसा नाही. निवडणूक संचालन नियम 1961, त्यातला 49 एन, तो म्हणतो की मतदाराला मदतीशिवाय मत देता येत नसेल तर किमान 18 वर्षांचा सोबती नेता येतो. म्हणजे ती तुमच्यासाठीची सोय आहे हो, सक्ती नाही. ज्याला स्वतः देता येतं त्याला हाताला धरून मशीनच्या पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंत आणायला माणूस चालतो, आत शिरून बटण दाबायला नाही.

आता तुम्हाला ब्रेल येतं म्हणजे निम्मं काम झालंच. मशीनवर प्रत्येक निळ्या बटणाच्या उजव्या बाजूला ब्रेलमध्ये आकडा असतो, 2009 पासून देशभर आहे. आणि केंद्राध्यक्षांकडे ब्रेलमधली डमी मतपत्रिका दिलेली असते, त्यावर क्रमांक, उमेदवाराचं नाव, पक्ष. पण ती बऱ्याचदा बाकीच्या पाकिटांच्या आणि फॉर्मच्या गठ्ठ्यात खाली जाऊन बसते, मागितल्याशिवाय वर येत नाही. म्हणून आत गेल्या गेल्या स्पष्ट म्हणायचं, "साहेब, ब्रेलची मतपत्रिका द्या, मी एकटी मत देणार आहे." टेबलापाशी आरामात वाचायची, अपंग मतदाराला रांगेत थांबावं लागत नाही तसं वाचायलाही कुणी घाई करायची नाही. नंबर लक्षात ठेवायचा, ती परत द्यायची, आत जायचं, बोटानं आकडा चाचपायचा, बटण दाबायचं. बीप लगेच येत नाही, मत कुणाला गेलं ती चिठ्ठी शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्रात छापून पडायला काही सेकंद जातात, तेवढ्यात घाबरून परत परत दाबू नका, थांबा, मोठा बीप ऐकू येतो.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवणार नाही. ती व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागं 7 सेकंद दिसते आणि आत पडते, ज्याला दिसतं तो खात्री करून घेतो, तुम्हाला ती सोय नाही. मोबाईल आत नेता येत नाही त्यामुळं वाचून दाखवणारं ॲपही कामाचं नाही. मला हे अजिबात पटत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 11 मध्ये मतदान केंद्र आणि मतदानाचं सगळं साहित्य दिव्यांगांना वापरता येईल असं पाहिजे हे लिहिलंय, मग चिठ्ठीत काय छापलं ते हेडफोनमधून ऐकू आलं पाहिजे ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

दिरांचं म्हणाल तर, सोबती जो असतो त्याच्याकडून लेखी घेतात की हे मत मी गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कुणाचा सोबती झालेलो नाही. सही करताना ते कुणी वाचत नाही एवढंच. म्हणजे चहाच्या वेळी जे झालं ती घरातली गंमत नव्हती, सही करून दिलेला शब्द मोडला त्यांनी. भांडण काढा असं मी म्हणत नाही, पण पुढच्या वेळी घरातनं निघतानाच सांगा, "भावोजी, मला दारापर्यंत सोडा, आतलं माझं मी बघते." आणि सासूबाईंनी विचारलं कुणाला दिलंस, तर सांगायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, त्यांचं ते विचारता का तुम्ही?

प्रश्न : आमच्या आजोबांची नजर काचबिंदूनं गेली, ब्रेल येत नाही. त्यांचं मत गुप्त राहील का? (उचगाव)

उत्तर : राहू शकतं, थोडी तयारी पाहिजे. उमेदवारांची अर्ज मागं घ्यायची मुदत संपली की त्यांच्या नावांची क्रमवार अंतिम यादी येते. ती घरी कुणीतरी पहिल्यापासून शेवटच्या नावापर्यंत सगळी वाचून दाखवा, दोन-तीनदा वाचा. आजोबांनी एकाच उमेदवाराचा नंबर विचारायचा नाही, नाहीतर तिथंच कळलं की! नंबर पाठ झाला की केंद्रावर वरनं खाली बटणं मोजायची, शेवटचं 'नोटा'चं, म्हणजे यापैकी कुणीच नको याचं. नावं जास्त असतील तर दोन मशीन शेजारी असतात, त्यामुळं पहिलं कुठलं हे आत जायच्या आधी साहेबांना विचारून घ्या. फॉर्म 12 डी भरून घरून मतदानाची सोय 85 वर्षांवरच्यांना आणि 40 टक्के अपंगत्व असलेल्यांना आहे, पण तिथं कागदावर खूण करायची असते, चाचपायला बटण नसतं, कुणाची तरी मदत घ्यावीच लागते. चालता येत असेल तर आजोबांना केंद्रावरच न्या, आणि आदल्या रात्री जुन्या टीव्हीचा रिमोट हातात देऊन बटणं मोजायची सवय करून घ्या.